एम५१ चं चित्र: मी दिसलं ते काढतेय की आठवलं ते?

शिवारातली_रात्र

नमस्कार मंडळी. मी कराडची, औषधांच्या दुकानात काम करते. दीड वर्षापूर्वी ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली. नाभीय अंतर १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं. सासरचं शेत पाटणच्या वरच्या अंगाला आहे. अमावास्येच्या जवळचा शनिवार आला की दुर्बीण गाडीत घालून तिकडे जाते. पूर्वेला कराडचा उजेड थोडा चढतो आणि पठारावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसतात, पण उत्तरेचं आकाश चांगलं काळं असतं.

जानेवारीपासून वहीत चित्रं काढायला लागले. मृगातला तेजोमेघ, एम८१ आणि एम८२ ची जोडी, सिंहेतल्या दीर्घिका. गेल्या अमावास्येला सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाचा मरीची धरून खाली श्यामशबल तारकासमूहात उतरले आणि एम५१ ही सर्पिल दीर्घिका पकडली. जवळजवळ तासभर बघितली. शेतात खिशातल्या वहीत थोडं टिपलं आणि रविवारी घरी बसून नीट मोठं चित्र केलं, दोन्ही सर्पिल हात आणि टोकाला चिकटलेली लहान दीर्घिका अशी. त्याचा फोटो खाली जोडलाय.

नवऱ्याने चित्र पाहिलं आणि विचारलं, "हे हात तुला खरंच दिसले?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मला सांगताच येईना. एम५१ चे फोटो मी इतक्यांदा पाहिलेत की डोळे मिटले तरी ते हात दिसतात. तेव्हापासून आधीची सगळी चित्रंसुद्धा संशयाने बघतेय.

माझे प्रश्न असे. दिसलेलं आणि माहीत असलेलं वेगळं कसं करायचं? चित्र शेतातच पूर्ण करायचं की घरी केलं तर चालतं? पांढऱ्या कागदावर पेन्सिल बरी की काळ्यावर पांढरी? आणि रंग भरायचे का?

---

निरभ्र

आधी अभिनंदन. दीड वर्षात एम५१ पर्यंत येऊन तासभर तिच्यावर थांबणारे फार नाहीत.

मी डोंबिवलीत राहतो, बाहेर जाणं महिन्यातून एकदाच, म्हणून साहित्यापुरतं सांगतो. मी दोन वर्षं काळ्या कागदावर पांढरी पेन्सिल वापरली आणि सोडून दिली. घरी छान दिसतं, पण लाल उजेडात हात किती दाबला जातोय ते कळत नाही आणि तेज हमखास जास्त होतं. आता साधा कार्ट्रिज पेपर, एचबी आणि ४बी. कागदावर काळं ते आकाशात उजळ. घरी येऊन स्कॅन करायचं आणि रंग उलटे करायचे, आकाश काळं होतं.

रंगाचं म्हणाल तर मंद उजेडात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. फोटोतला गुलाबी हा हायड्रोजनचा, तो आपल्याला दिसत नाही. मृगातल्या तेजोमेघात मधल्या चार ताऱ्यांभोवती मला हिरवट छटा दिसते, ती शब्दांत लिहून ठेवतो. बाकी सगळं राखाडीच.

लाल दिवा शक्य तितका मंद ठेवा. मी सायकलच्या मागच्या लाल दिव्यावर आणखी दोन पदर जिलेटिन कागद लावलाय.

मुख्य प्रश्नाचं उत्तर वाईच्या सरांनी द्यावं.

---

चित्रकला_सर_वाई

ताई, तुम्ही उत्तर देताना थांबलात ही फार मोलाची गोष्ट आहे. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, गेली १४ वर्षं आकाश काढतोय. तुमचा प्रश्न मला दोन्हीकडे भेटलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे दोन वेगळे पेपर असतात, हे तुम्हालाही आठवत असेल. वस्तुचित्रासाठी मी मुलांसमोर माठ ठेवायचो. नवीन मूल माठाकडे एकदा बघायचं आणि मग दहा मिनिटं मान खाली घालून कागदावर काढत राहायचं. माठाचं तोंड पुरतं गोल काढायचं, कारण तोंड गोल असतं हे त्याला ठाऊक. बूड सरळ रेषेत काढायचं, कारण माठ पाटावर बसलाय हेही ठाऊक. समोर दिसत असायचा लंबगोल, पण तो कागदावर यायचाच नाही. वस्तुचित्राच्या तासाला ते पोर स्मरणचित्र काढत असायचं आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा. त्याला हाताने धरून वर बघायला लावावं लागे: माठ बघ, एक रेघ काढ, पुन्हा माठ बघ.

दुर्बिणीपाशी आपण सगळे त्या पोराच्या जागी असतो. फरक इतकाच की माठ भर उजेडात असतो, आणि दीर्घिका इतकी फिकट की डोळ्याने सोडलेली जागा आठवण लगेच भरून काढते.

आता तुमचं चित्र. रागावू नका, मी जसा वहीवर शेरा लिहायचो तसं लिहितो. छायांकन सुंदर आहे, हात तयार आहे. पण दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली, लहान दीर्घिका तुम्ही मोठीच्या बरोबर डोक्यावर काढली आहे. छापलेल्या फोटोंत उत्तर वर असते, म्हणून ती तिथे असते. डॉबमधून आकाश उलटं दिसतं, शिवाय आयपीस नळीच्या कुशीला असल्याने आपण वाकून, मान तिरकी करून बघतो. त्यात ती फोटोसारखी नेमकी डोक्यावर येणं हा योगायोगच. त्या रात्री ती कुठल्या बाजूला होती, आठवतंय का?

दुसरी गोष्ट अंतर. या दोन दीर्घिकांच्या गाभ्यांत साधारण साडेचार कलांचं अंतर आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). तुमचा १० मिमीचा आयपीस १२० पट मोठं दाखवतो. तो साध्या, ५२ अंशांच्या बनावटीचा असेल तर त्यातून आकाशाचा सुमारे २६ कलांचा तुकडा दिसतो. तुमचं वर्तुळ १० सेंटिमीटरचं दिसतंय. हिशेब केला तर दोन गाभे कागदावर पावणेदोन सेंटिमीटरवर हवेत. तुम्ही तीनच्या पुढे नेलेत. हे बहुतेक सगळ्यांचं होतं, कारण ज्या वस्तूकडे आपण खूप वेळ टक लावून बघतो ती कागदावर फुगते. म्हणून दीर्घिकेला हात लावण्याआधी भोवतीचे तारे मांडायचे. मी आधी वर्तुळ आखून नेतो, मग सगळ्यात ठळक तीन तारे, त्यांचा त्रिकोण नीट बसला की त्याच्या आधाराने बाकीचे. तारे हे आपले खुंट. खुंट ठोकल्याशिवाय शेताची हद्द काढत नाहीत, तसंच हे.

दिशाही तेव्हाच टिपायची. दुर्बीण न हलवता सोडून द्या. तारे ज्या कडेने बाहेर जातात ती पश्चिम. तिथे बाण काढा.

मग मधला गाभा. आणि त्यानंतर मात्र पेन्सिल खाली ठेवून नुसतं बघायचं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, तो हिशेबात धरू नका. त्यानंतरची वीस मिनिटं म्हणतोय मी. थेट बघितलं की फिकट भाग विरतो, कारण नजरेच्या अगदी मध्यावर मंद उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात. नजर थोडी बाजूला न्यायची. उजव्या डोळ्याने बघत असाल तर वस्तूच्या जरा उजवीकडे बघा, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहते. उलट केलंत तर ती डोळ्याच्या आंधळ्या ठिपक्यात जाऊन बसू शकते. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. थरथरणारी फिकट वस्तू डोळा चटकन पकडतो. डोक्यावरून घोंगडी घ्या. मी बाराही महिने घेतो, थंडी असो नसो, बाजूचा उजेड तोडायला त्यासारखं काही नाही. आणि श्वास रोखू नका. नवखे लोक एकाग्र होताना श्वास धरतात आणि डोळ्यापुढे होतं नव्हतं तेही जातं.

या वीस मिनिटांत गोष्टी क्षणभर उमटतात आणि जातात. तिथेच आठवण घुसते. माझा नियम तीन वेळांचा. एखादा तपशील एकाच जागी तीन निरनिराळ्या वेळी दिसला, मधे डोळा बाजूला घेऊन पुन्हा लावल्यावर दिसला, तरच कागदावर. एकदा-दोनदा दिसला तर समासात शब्दांत लिहायचा, चित्रात नाही.

या नियमापर्यंत मी सहज आलो नाही. देवयानी दीर्घिकेचं, एम३१ चं, माझं पहिलं चित्र घरी आहे. त्यात मी तिरक्या ताटलीसारखी वलयं काढली होती, एकाआड एक. कोणाही भेटीला आलेल्याला कौतुकाने दाखवायचो. पुढच्या हिवाळ्यात मेणवलीच्या पुढे एका मित्राच्या रानात पुन्हा बसलो आणि ठरवलं की चित्राकडे बघायचंच नाही. काय दिसलं? उजळ गाभा, दोन्हीकडे वर्तुळाबाहेर जाणारा धुरकट पट्टा, शेजारी एम३२ या लहान दीर्घिकेचा गोळा. वलय एकही नाही. त्या रात्री फार वाईट वाटलं. पण पुढे दोन हिवाळे तीच दीर्घिका काढत राहिल्यावर लक्षात आलं की पट्ट्याची एक कड दुसरीपेक्षा धारदार आहे, जणू तिथे कोणी पट्टी ठेवून उजेड कापलाय. ती कड तीन वेळा दिसली, मग काढली. ती धुळीची काळी पट्टी होती. आयुष्यभर फोटोत बघूनही मी ती कधी बघितली नव्हती.

नंतर वाचनात आलं की १८४७ साली हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून जॉर्ज बाँडने हीच दीर्घिका काढली, आणि तिच्यात दोन अरुंद, जवळजवळ सरळ काळ्या रेघा दाखवल्या. त्यांचा अर्थ त्याला लावता येण्यासारखा नव्हता, कारण देवयानी सर्पिल आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्सने तिचा दीर्घ वेळेचा फोटो घेतला तेव्हा कळलं की त्या रेघा म्हणजे हातांमधल्या काळ्या पट्ट्यांचे तुकडे. बाँडला अर्थ माहीत नव्हता, तरी त्याने रेघा बरोबर काढल्या. मला अर्थ पुरता माहीत होता आणि मी खोटी वलयं काढली. हे मी ताई, फार मनाला लावून घेतलंय.

आणखी एक उपाय सांगतो. ज्यांचे फोटो तुम्ही कधी पाहिले नाहीत अशा दीर्घिका निवडा. नकाशावरून फक्त जागा घ्यायची, आधी काही वाचायचं नाही. या दिवसांत अरुंधती केशात एनजीसी ४५६५ आहे, षडंशात एनजीसी ३११५ आहे. आकार मी मुद्दाम सांगत नाही. काढा, तारीख टाका, मग फोटो बघा.

घरी चित्र पूर्ण करण्याबद्दल: छाया गुळगुळीत करायला, ताऱ्यांचे ठिपके गोल करायला हरकत नाही. टीपकागदाची घट्ट सुरळी करून तिने पेन्सिलीची पूड पसरवली की तेजोमेघाचा धूसरपणा छान येतो. पण शेतावर नसलेली एकही गोष्ट घरी वाढवायची नाही.

---

शिवारातली_रात्र

सर, तुमचं वाचून खिशातली वही शोधली. दुकानाच्या पिशवीतच होती. त्या रात्रीचं पान इथे उतरवते, जसं आहे तसं:

"१०.४०. दोन गोळे. मोठ्याचा गाभा मोठा पण फिका, लहानाचा टोकदार. लहान खाली डावीकडे. मोठ्याभोवती धुकं, गोल, कड नाही. दोघांमध्ये पूल? ११.०५. धुकं सगळीकडे सारखं नाही. गाभ्याभोवती जरा काळपट, मग पुन्हा उजळ. पूल नाही बहुतेक."

खाली डावीकडे! मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि रविवारी तिला डोक्यावर नेऊन बसवलं. हातांचा तर या पानावर शब्दही नाही. सोबत बोटाएवढं एक चित्र आहे, दोन ठिपके आणि एक वेटोळं. अंतर मोजलं, त्या छोट्या वर्तुळाच्या मानाने जवळजवळ बरोबर आहे.

मोठं चित्र आता फाडून टाकावंसं वाटतंय.

---

चित्रकला_सर_वाई

फाडू नका! मागे तारीख घालून "घरी, आठवणीतून" असं लिहा आणि ठेवा. माझी वलयंवाली देवयानी मी अजून जपलीय.

आणि तुमच्या पानावरची ती ओळ पुन्हा वाचा: "गाभ्याभोवती जरा काळपट, मग पुन्हा उजळ." तुम्ही ८ इंची दुर्बिणीतून, कोणी न सांगता, गाभा आणि बाहेरचं उजळ वलय यांतली फट पाहिलीत. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचा मुलगा जॉन हर्शेल याने १८ इंची दुर्बिणीतून एम५१ काढली, ते चित्र १८३३ साली छापलं गेलं. त्यात हात नाहीत. मधे गाभा, भोवती काळोख आणि त्याभोवती कडं, जे एका बाजूला दुभंगलेलं आहे. तुमचं पान त्याच्या जवळ जातं. रविवारच्या चित्रात ही फट हातांखाली बुजून गेली, हे खरं नुकसान.

यापुढे शेतावरच मोठं वर्तुळ आखून न्या.

---

डब्लिनकर

सरांनी हर्शेलचं नाव काढलं म्हणून लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो. मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी आयर्लंडमध्ये. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन बर कॅसलला गेलो होतो. ज्या दुर्बिणीतून एम५१ चे हात पहिल्यांदा काढले गेले ती तिथे आहे, दुरुस्त करून पुन्हा उभी केलेली. लॉर्ड रॉस यांची ७२ इंची. दोन उंच दगडी भिंतींमध्ये ती लाकडी नळी टांगलेली आहे, साडेसोळा मीटर लांब. बाबा म्हणाले, ही दुर्बीण कसली, हा तर वाड्याचा बुरूज. भिंतींमुळे ती बाजूला फारशी वळत नाही. वस्तू दक्षिणोत्तर रेषेवर येईल तेव्हा तासाभराच्या आसपास वेळ मिळायचा, तोही तिथल्या ढगांनी दिला तर. आरसा काचेचा नव्हता, तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा, तीन टनांच्या आसपास.

१८४५ च्या वसंतात लॉर्ड रॉस यांना एम५१ मध्ये सर्पिल आकार दिसला, आणि जूनमध्ये केंब्रिजला शास्त्रज्ञांच्या सभेत चित्र हातोहात फिरलं. फोटो नव्हताच, त्यामुळे लोकांना हे चित्रच बघायला मिळालं. १८३३ च्या चित्रातलं दुभंगलेलं कडं १८४५ च्या चित्रात हात झालं.

पण याच माणसाची दुसरी गोष्टही ताईंना सांगावीशी वाटते. आधीच्या ३६ इंची दुर्बिणीतून त्यांनी वृषभ राशीतला एम१ काढला होता. लंबगोल अंग आणि त्यातून बाहेर आलेले पाय, म्हणून त्याला खेकडा म्हणायला लागले. नंतर ७२ इंचीतून बघितलं तर ते पाय तसे दिसले नाहीत. नाव मात्र राहिलं. म्हणजे ज्याने हात बरोबर काढले, त्यानेच पायही काढले होते.

ताई, तुमच्या शेतावरून एम५१ उत्तरेला ६० अंशांपर्यंत चढते ना? इथून ती ऐन डोक्यावर येते. पण नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा ताऱ्यांचा गुच्छ इथून क्षितिजावर येतच नाही. पाटणहून मे महिन्यात तो दक्षिणेला २५ अंशांवर आरामात मिळेल. माझ्यासाठी म्हणून एकदा काढा.

---

शिवारातली_रात्र

उशीर झाला कळवायला. वळवाने दोन शनिवार नेले, काल एकदाचं मोकळं आकाश मिळालं. आता पावसाळ्यापर्यंत बहुधा हीच शेवटची रात्र.

सासूबाईंनी घोंगडी काढून दिली, आणि नवराही सोबत येऊन बसला. आधी सरांनी सांगितलेली एनजीसी ४५६५. नकाशावर फक्त जागा बघून गेले होते. आयपीसमध्ये आली तेव्हा मला वाटलं काचेवर केस पडलाय. लांब, बारीक, सरळ उजेडाची रेघ, मधे किंचित फुगलेली. काढायला वीस मिनिटं लागली, आणि हात एकदाही अडखळला नाही, कारण ती कशी असायला हवी हे मला माहीतच नव्हतं. आज सकाळी फोटो बघितला. लांबी मी थोडी कमी काढली. फोटोत तिच्या मधोमध एक काळी रेघ जाते, ती मला दिसली नव्हती आणि चित्रात नाही.

डब्लिनकर दादा, ओमेगा गुच्छ काढला, तुमच्यासाठी वेगळं पान केलंय. कडेचे तारे सुटे दिसले तेवढेच ठिपके दिले, मधे पेन्सिलीची पूड. शेजारच्या शेतातला कुत्रा सगळा वेळ भुंकत होता, तेही समासात लिहिलंय.

शेवटी एम५१. वर्तुळ १० सेंटिमीटर, तारे आधी, पश्चिमेचा बाण. दोन गाभे पावणेदोन सेंटिमीटरवर, लहान या वेळी खाली उजवीकडे. भोवतीची काळपट फट नक्की दिसली, पाच-सहा वेळा. नवऱ्याला काही न सांगता आयपीसपाशी बसवलं आणि दुसऱ्या कागदावर काढायला लावलं. त्यालाही फट दिसली. हाताबद्दल सांगायचं तर, मोठ्या दीर्घिकेच्या पश्चिमेच्या अंगाला धुक्यात एक वळण आल्यासारखं वाटलं. एकदा ११.२० ला, एकदा ११.४५ ला. साडेबारापर्यंत थांबले, मग पूर्वेकडून ढग आले.

दोनदाच दिसलं. समासात लिहिलंय, चित्रात ती जागा कोरी आहे.